या, बसा, पेन ड्राइव्ह लावा

नगरमध्ये ज्या घरात जुना कॉम्प्युटर आहे, त्या घरात त्याच्या संरक्षणाची व्यवस्था कडक असते. मॉनिटरला घरी शिवलेलं कव्हर, कव्हराला लेस. कीबोर्डवर नॅपकिन. सीपीयू पाटावर, कारण फरशी पुसताना पाणी आत जाईल. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही. वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली की पहिली धाव वाळवणाकडे नाही, कॉम्प्युटरकडे. सगळ्या वायरी उपटून ठेवायच्या, टेलिफोनचीसुद्धा. दसऱ्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, आपट्याचं पान. सावेडीत असे कॉम्प्युटर अजून आहेत, ज्यांच्या सीडी ड्राइव्हच्या फटीत कुठल्यातरी जुन्या दसऱ्याचं कुंकू बसलंय आणि ड्राइव्ह त्या दसऱ्यापासून उघडलेला नाही.

एवढा बंदोबस्त असून ही यंत्रं गेली ती धुळीने नाही, पाण्याने नाही आणि विजेनेही नाही. ती गेली पाहुण्यांमुळे.

पाहुणा येतो. पाणी होतं, चहा होतो, कांद्याचा भाव होतो. मग तो खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढतो, त्याला लटकवलेला पेन ड्राइव्ह सोडवतो आणि म्हणतो, "दाजी, लग्नाचे फोटो आणलेत, टाकून घ्या." या घडीला "थांबा, आधी स्कॅन मारतो" म्हणणारा माणूस जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांत सापडायचा नाही. म्हटलंच कोणी, तर समोरच्याचा चेहरा पडतो. "आमचा तसला नाहीये हो," एवढंच तो बोलतो, आणि त्या घरातल्या पुढच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने येते.

तो पेन ड्राइव्ह काल दिल्ली गेटजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात होता. त्याआधी पाथर्डीच्या फोटो स्टुडिओत, त्याच्याही आधी श्रीरामपूरच्या नेट कॅफेत. ज्या गावाला गेला तिथलं काही ना काही बरोबर घेऊनच आलाय.

बरं, पाहुण्याला नावं ठेवावीत तर यजमानही तसलाच. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीला ऑटोरन नावाची खोड होती. पेन ड्राइव्हवर त्या नावाची चिठ्ठी असली की एक्सपी ती वाचायचं, आणि तुम्ही ड्राइव्ह उघडायला गेलात की तुमचं राहू दे, आधी चिठ्ठीतलं काम करायचं. चिठ्ठी कोणी लिहिली, कशाला लिहिली, काही चौकशी नाही. 2008 च्या शेवटी आलेल्या कॉनफिकरने तर कहरच केला. पेन ड्राइव्ह लावल्यावर जी यादी उघडते, तिच्यात 'फोल्डर उघडून फाइल्स बघा' असा पर्याय असतो. याने अगदी तसाच, पिवळ्या फोल्डरचं चित्र लावलेला, आपला एक पर्याय वरच्या बाजूला टाकला. माणूस वरचंच दाबतो. बँकेत, पोस्टात आणि तहसीलमध्ये आयुष्यभर आपण पहिल्याच खिडकीत घुसलोय, इथेच तेवढे कसे थांबणार?

शेजारच्या गुरुजींचा कॉम्प्युटर हा या सगळ्या इतिहासाचा चालताबोलता साक्षीदार आहे. चालता कमी, बोलता जास्त. कारण त्याचा यूपीएस वीज असतानाही शिट्ट्या मारतो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. 2001 साली एमकेसीएल निघालं, मागोमाग एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकराला ती परीक्षा सक्तीची झाली आणि वेतनवाढीच्या धाकाने अख्खा जिल्हा माउस धरायला शिकला. गुरुजी पास झाले आणि त्या आनंदात त्यांनी असेंबल केलेलं मशीन घेतलं. जोडून द्यायला आलेल्या पोराशी झालेला संवाद त्यांना अजून पाठ आहे.

"गुरुजी, अपडेट बंद केलंय बरं का."

"का रे?"

"चालू ठेवलं तर खाली कोपऱ्यात चांदणी येती."

"कसली चांदणी?"

"विंडोज ओरिजिनल नाही म्हणती."

"मग नाहीये का ओरिजिनल?"

"गुरुजी, साडेसतरा हजारात मशीन बसवून दिलंय तुम्हाला."

पुढे 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने ऑटोरनची ती खोड मोडणारं अपडेट एक्सपीला धाडलं. ज्यांचं अपडेट चालू होतं त्यांच्याकडे ते आपोआप पोचलं. गुरुजींच्या घरी चांदणी येऊ नये म्हणून तेही आलं नाही. आपल्याकडच्या निम्म्या व्हायरसांचं मूळ या चांदणीच्या लाजेत आहे, असं माझं मत आहे.

गुरुजींकडे आलेला पहिला व्हायरस 'न्यू फोल्डर' जातीचा होता. प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर. दिसायला फोल्डर, असायचा प्रोग्राम. उघडायला जाल तितका पसरणार. गुरुजींनी तीन दिवस ते फोल्डर उघडून पाहिले, कुठल्याच्याच आत काही सापडेना, तेव्हा त्यांनी नातवाला बोलावून 'पसारा कोणी केला' म्हणून रागावलं. दुसरा आला तो 2007 च्या सुमाराचा. ऑर्कुट उघडलं की तो ऑर्कुट बंद करायचा आणि वर पाटी लावायचा की, मूर्खा, ऑर्कुटवर बंदी आहे, आणि खाली राक्षसी हसायचा. नगरच्या नेट कॅफेंत पोरांनी ही पाटी खरी मानली. काहींच्या वडिलांनी तर सरकारचं अभिनंदन केलं.

व्हायरस आला की मग तो पोरगा यायचा. खांद्याला सॅक, सॅकमध्ये स्केचपेनने 'एक्सपी ऑल ड्रायव्हर' लिहिलेली ओरखड्यांची सीडी. मशीन चालू करून दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने पडद्याकडे बघायचं, माउस दोनदा हलवायचा, आणि निदान ठरलेलं: "फॉरमॅट मारावं लागंल." काकू आतून चहाचं आधण चढवायच्या, कारण फॉरमॅटला दीड तास लागतो हे त्यांनाही पाठ झालं होतं. गुरुजी काळजीने विचारायचे, "माझं लिखाण?" पोरगा म्हणायचा, "डीमधी हाय ना? मंग डीला हात लावत न्हाई." आणि खरंच लावायचा नाही. सी ड्राइव्ह धुऊन पुसून सोवळ्यात. व्हायरस डीमध्ये मांडी घालून बसलेला. गुरुजींनी डीवर दोनदा टिचकी मारली की तो उठून पुन्हा सीमध्ये. तेवढंही कमी पडू नये म्हणून पोरगा जाता जाता प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला स्वतःचा पेन ड्राइव्ह लावायचा, जो सकाळपासून पाच घरी लागून आलेला असे.

अँटिव्हायरसचा मार्ग गुरुजींना नंतर कळला. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. पीसीवर पसरलेला पहिला नामांकित व्हायरस 1986 चा, 'ब्रेन'. तो लाहोरच्या अल्वी बंधूंनी, बासित आणि अमजद यांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल करणाऱ्यांना अद्दल घडवायची होती. सभ्य माणसं, व्हायरसच्या आत त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला, बाधा झाल्यास संपर्क साधावा म्हणून. इकडे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस फार, म्हणून कॉम्प्युटरचं शिक्षण घेणारा धाकटा भाऊ संजय त्यावर उपाय लिहायला बसला. त्यातून नव्वदीच्या दशकात क्विक हील उभं राहिलं आणि 2016 च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात गेली. म्हणजे एका घरातल्या दोन भावांनी व्हायरस काढला, दुसऱ्या घरातल्या दोन भावांनी उतारा काढला. आमच्या जिल्ह्यात दोन भाऊ एकत्र बसले की बांधाची केस निघते.

गुरुजींनी एक अँटिव्हायरस आणला. कोणता ते सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. त्याचा खोका त्यांनी शोकेसमध्ये, आदर्श शिक्षक पुरस्काराच्या शेजारी ठेवला. वर्षाने मुदत संपली, कोपऱ्यातलं हिरवं चिन्ह लाल झालं. मी म्हटलं, "गुरुजी, लाल झालंय." ते म्हणाले, "होऊ दे. आत आहे ना पण तो?" नव्या व्हायरसांची ओळख पटवणारी यादी त्याला रोज लागते, हे त्यांना पटेना. आपण एकदा शिकवलेलं पोरगं जन्मभर पाढे म्हणतं, हा त्यांचा अनुभव. मग कोणीतरी युक्ती सांगितली की दुसऱ्या एकाचा तीस दिवसांचा फुकट नमुना टाका आणि तारीख मागे घ्या. टाकला. आता दोन अँटिव्हायरस एकमेकांवर संशय घेऊ लागले. दोघेही एकाच वेळी तीच फाइल तपासायचे आणि मधल्या वेळात मशीन हलायचं नाही. गुरुजींना मात्र समाधान होतं. "इतकं हळू चालतंय म्हणजे तपासणी बारकाईने होतेय."

तारखेवरून आठवलं. जुन्या मशीनच्या आत, मदरबोर्डवर, नाण्याएवढा एक सेल असतो. घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो मेला की वीज गेल्यावर मशीन काळ विसरतं. गुरुजींचं मशीन रोज सकाळी उठून 1 जानेवारी 2002 म्हणायचं. आता बँकेची साइट आपलं ओळखपत्र दाखवते, त्यावर आजच्या काळातली तारीख. मशीन म्हणतं, हे ओळखपत्र पुढच्या जमान्यातलं आहे, मी मानत नाही. साइट उघडत नाही. गुरुजी म्हणाले, व्हायरस. पोरगा आला, म्हणाला, फॉरमॅट. काकूंनी आधण चढवलं. दोन फॉरमॅट झाल्यावर घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला तेव्हा मशीन एकदम चालू शतकात आलं. जुना कॉम्प्युटर विचित्र वागू लागला की आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी, एवढं मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

कॉम्प्युटर जुना झाला हे ठरवतं कोण, हाही प्रश्नच आहे. आपण ठरवत नाही. आपल्याकडे चालू आहे तोवर वस्तू नवीच असते. ते ठरतं अमेरिकेत. गुरुजी 58 व्या वर्षी निवृत्त झाले, एक्सपी तेराव्या वर्षी, 8 एप्रिल 2014 ला. विंडोज सेव्हन 14 जानेवारी 2020 ला गेलं आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज टेनचाही निरोप समारंभ झाला. निवृत्तीनंतर एक्सपीला पेन्शन नाही, महागाई भत्ता नाही, वैद्यकीय बिलं तर नाहीतच. क्रोमने 2016 साली त्याच्याशी बोलणं टाकलं, फायरफॉक्सने 2018 मध्ये. तरी 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला, दीडशेवर देशांत लोकांच्या फाइलींना कुलपं लावून किल्लीसाठी तीनशे डॉलर मागू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी घरी बसवलेल्या एक्सपीसाठीही एक डागडुजी काढली. मागाहून तज्ज्ञांनी तपासलं तर निघालं भलतंच. वॉनाक्राय एक्सपीवर नीट चालतच नव्हता. तो शिरू लागला की मशीन निळा पडदा दाखवून मोडून पडायचं. सर्वांत जास्त मार बसला तो विंडोज सेव्हनला. हे वाचून गुरुजींची छाती फुगली. "बघा, म्हाताऱ्याने अंग टाकून दिलं, पण चोराला काही दिलं नाही."

व्हायरसचं एवढं, तर स्पॅमचं काय सांगावं. गुरुजींच्या पिढीचा नियम असा की आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे. त्यांच्या ईमेलवर पहिलं परदेशी पत्र आलं ते आफ्रिकेतल्या एका दिवंगत सेनापतीच्या पत्नीचं. नवऱ्याचे कोट्यवधी डॉलर बँकेत अडकलेत, आपला खाते क्रमांक द्यावा. गुरुजींनी पत्राची प्रिंट काढली, लाल पेनाने व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या, खाली 'चाळीसपैकी अकरा' असा शेरा मारला आणि बाईंना सांत्वनपर उत्तर पाठवून काळांचा अभ्यास वाढवायला सांगितलं. खाते क्रमांक दिला नाही, कारण पासबुक काकूंच्या कपाटात असतं. पण उत्तर गेलं, आणि या पत्त्यावर एक जिवंत, सुशिक्षित, सवड असलेला माणूस राहतो ही बातमी सगळ्या भाऊबंदांत पसरली. तेव्हापासून त्यांना रोज पिशवीभर टपाल येतं. नको असलेल्या मेलखाली 'यादीतून नाव काढा' असं लिहिलेलं असतं, तेही त्यांनी मनोभावे दाबलं. चोराच्या पत्रात ते दाबणं म्हणजे मुक्कामी असल्याची पोच देणंच.

या पत्रांना नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून जगभर 419 म्हणतात. आपल्याकडे हाच आकडा एकाने जास्त होता, तेवढाच अभिमान. गुरुजींची तक्रार शुद्धलेखनाची. "फसवायचंच आहे तर निदान नीट लिहा की." यावर 2012 साली मायक्रोसॉफ्टच्याच कॉर्मॅक हर्ली नावाच्या संशोधकाने निबंध लिहिलाय. त्याचं म्हणणं, ही पत्रं न पटण्यासारखी असतात ती सोयीसाठी. ज्याला संशय येणार तो पहिल्याच ओळीत गळावा आणि जो एवढं वाचूनही उत्तर देईल त्याच्यावरच वेळ खर्चावा. मी हे गुरुजींना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ही प्रवेश परीक्षा आहे. आणि मी पास झालोय."

परदेशी चोरांबद्दल बोलताना आपण फार नाक उडवू नये. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथली पोरं अमेरिकन कर खात्याचे साहेब बनून तिकडच्या लोकांना दमात घेताना सापडली. गुरुजींच्या पडद्यावर एकदा भोंगा वाजवत लाल पाटी आली, कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा. केला. पलीकडचा स्वतःला मायक्रोसॉफ्टचा माणूस म्हणवत होता आणि मागे कुकरची शिट्टी झाली. गुरुजींनी विचारलं, "जेवण झालं का?" त्याने फोन ठेवला. 2022 च्या सुमारास मोबाइलवर तो प्रसिद्ध मेसेज फिरत होता, मागचं बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, ताबडतोब अमुक साहेबांना फोन करा. पुण्यामुंबईचे भले भले त्यात अडकले. गुरुजींनी तो तिथल्या तिथे ओळखला. "वीज जायची वेळ आधी कळवतायत? मग हे आपले वीजवाले नव्हेत."

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा येतो. घरांना दारं नाहीत म्हणून गावाची कीर्ती. 2011 साली तिथे युको बँकेने शाखा काढली, आणि देशभर छापून आलं की बिनकुलपाची बँक. प्रत्यक्षात तिला काचेचं दार होतं आणि सहजी दिसू नये असं, दुरून चालवायचं विद्युतचुंबकीय कुलूप. गावाच्या श्रद्धेचाही मान राखला, रिझर्व्ह बँकेचाही. आमचे घरगुती कॉम्प्युटर गेली वीस वर्षं याच गावात राहिलेत, फक्त ते अदृश्य कुलूप तेवढं बसवायचं राहून गेलं. आणि शनिदेव तरी किती बघणार? 2025 मध्ये खुद्द त्या देवस्थानाच्या नावाने ऑनलाइन पूजेची बनावट अ‍ॅप निघाल्याचं उघडकीला आलं, भाविकांनी घरबसल्या पैसे पाठवले, प्रकरण सायबर पोलिसांकडे आणि विधिमंडळात गेलं. चौकट ओलांडून आत यायची चोराची जी काय भीती होती, ती चौकटच राहिली नाही.

शेवटी पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या नातवाने दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींचं मशीन हाती घेतलं. त्याचं म्हणणं, एक्सपी काढून हलकंसं लिनक्स टाकू, विंडोजचे व्हायरस आले तरी नुसते पडून राहतील. गुरुजी तयार होईनात, कारण त्यांचं आत्मचरित्र श्रीलिपीत टाइप केलेलं आहे आणि ते जुन्या एक्सपीतच उघडतं. जिल्ह्यातले कितीतरी म्हातारे कॉम्प्युटर केवळ जुन्या मराठी फाँटसाठी जिवंत ठेवलेत, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटणार नाही. मग नातवाने मधला मार्ग काढला. आत्मचरित्र आणि बारशाचे फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले, एक पुण्याला नेली. ऑटोरन बंद केलं. गुरुजी आजवर मालकाच्या अधिकाराने बसायचे, त्यांना साधं खातं काढून दिलं, म्हणजे चुकून काही दाबलं तरी सगळ्या घराची सत्ता त्याला मिळणार नाही. (या पदावनतीविरुद्ध गुरुजींनी तोंडी हरकत नोंदवली.) आणि नेटची वायर उपटून काकूंकडे दिली. त्यांनी ती पासबुकाशेजारी ठेवली. ईमेल आणि बँक मोबाइलवर.

उरला पेन ड्राइव्ह. नातू म्हणाला, कोणाचाच लावू नका. गुरुजी म्हणाले, आल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दोन दिवस विचार करून त्यांनी स्वतःच तोडगा काढला, आणि अख्ख्या सायबर सुरक्षेत मला याहून भक्कम काही दिसलेलं नाही. त्यांनी आवक-जावक नोंदवही घातली. लांबट, कापडी बांधणीची, शाळेत असते तशी. रकाने पट्टीने आखलेले: अनुक्रमांक, दिनांक, पेन ड्राइव्हधारकाचे नाव, मुक्काम पोस्ट, प्रयोजन, यापूर्वी कोठे कोठे लावला, स्वाक्षरी, शेरा. नाही कोणालाच म्हणायचं नाही. वही पुढे करायची, पेन द्यायचं आणि चहा मागवायचा. 'यापूर्वी कोठे कोठे लावला' इथपर्यंत आलेला माणूस पेनाचं टोपण लावतो आणि म्हणतो, राहू द्या, तसं काही अर्जंट नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास काकूंचे श्रीरामपूरचे भाऊ आले. ते साखर कारखान्याच्या हिशोब खात्यातले, कागदाला घाबरणारे नव्हेत. त्यांनी सगळे रकाने भरले, पाथर्डीचा स्टुडिओसुद्धा लिहिला, सही केली, सहीखाली तारीख टाकली. गुरुजींनी चष्मा लावून नोंद दोनदा वाचली आणि शेऱ्यात लिहिलं: 'त्रुटीअभावी स्वीकारण्यास हरकत नव्हती, तथापि पाथर्डी येथील मुक्काम संशयास्पद. सबब परत.' मेव्हणे हिरमुसले नाहीत.

"बरं दाजी, मग मोबाइलवर टाकू का फोटो? व्हॉट्सअ‍ॅपला?"

गुरुजींनी वहीचं नवं पान उलटलं आणि काकूंना पट्टी मागितली.